संगणकाच्या कारखान्यातील शागिर्दी

गेल्या वर्ष-दोन वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या व्यापारी बांधवांच्या तोंडी एक नवा शब्द वारंवार येऊ लागला आहे. तो म्हणजे इंटर्नशिप. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो, कुणाची मुलगी बी.सी.ए. करीत असते, आणि एके दिवशी ती घरी सांगते की सहा महिने पुण्याला किंवा नागपूरला जाऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करायचे आहे. बाप विचारतो, पगार किती? उत्तर येते, पगार नाही, मिळालाच तर थोडा स्टायपेंड. मग सहा महिन्यांनी नोकरी पक्की? तेही नाही. राहण्या-खाण्याचा खर्च कोणाचा? आपला. आयुष्यभर दुकान चालविलेल्या माणसाला हा व्यवहार उमगत नाही, आणि तो आम्हाला विचारतो की यात घेणारा कोण आणि देणारा कोण.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही पुस्तकातून न देता दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथील एका घराच्या अनुभवातून देणार आहोत. हे घर आमच्या परिचयाचे आहे. वडील शिंपी आहेत. पुढे कापडाचे छोटे दुकान, मागे तीन शिलाई मशीन. थोरली मुलगी यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शाखेला होती. २०२३ च्या जानेवारी ते जून असे सहा महिने तिने पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिप केली. त्या काळात ती ईदला घरी आली तेव्हा आणि नंतर जुलैमध्ये, अशी दोन वेळा आमची तिच्याशी सविस्तर बोलणी झाली. घरच्यांच्या इच्छेनुसार नावे देत नाही.

इंटर्नशिप ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपल्या बाजारात तिला शागिर्दी म्हणतात. शिंप्याकडे आलेला पोरगा पहिले वर्ष काज-बटण आणि तुरपाई करतो. मग पायजमा, मग सदरा, आणि उस्तादाला भरवसा वाटला की मगच कात्री हातात येते. वडील त्याला दुपारचे जेवण आणि ईदला कपडे देत, पगार नाही. आपला हिशोब तपासणारा सी.ए. सुद्धा अशाच वाटेने गेलेला असतो. त्याला परीक्षेबरोबर एखाद्या जुन्या सी.ए.च्या कचेरीत आर्टिकलशिप करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ पासून दोन वर्षांची केली आहे. डॉक्टरलाही पदवीपूर्वी वर्षभर इस्पितळात राबावे लागते. इंजिनिअरच मागे राहिला होता. तो चार वर्षे पुस्तके वाचून थेट कामावर येत असे आणि कंपनीला त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागे. म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपचा समावेश केला आणि तिला श्रेयांक ठरविले. आज मुले जो हट्ट धरतात तो केवळ हौसेचा नाही, कॉलेजचीच तशी मागणी असते.

आधी झालेली फसगत

पुण्याच्या गोष्टीआधी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आमच्या मते बहुतेक वाचकांना तिचाच उपयोग अधिक होईल.

२०२२ च्या उन्हाळ्यात, तिसरे वर्ष संपल्यावर, मुलीच्या मोबाईलवर एक संदेश आला. सहा आठवड्यांची इंटर्नशिप, घरबसल्या, शेवटी प्रमाणपत्र, फी बारा हजार रुपये. वर्गातल्या इतर मुलींनीही पैसे भरले होते. वडिलांनी हंगाम नसताना बारा हजार कसे जमविले ते त्यांनाच ठाऊक. पैसे भरल्यावर काय मिळाले? आधीच भरून ठेवलेले काही व्हिडिओ, शेवटी सर्वांना एकच तयार प्रोजेक्ट, आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र. सहा आठवड्यांत तिने केलेले काम कोणी उघडूनही पाहिले नाही.

प्रमाणपत्राची किंमत पुढे डिसेंबरात कळली. पुण्याच्या कंपनीने मुलाखतीत विचारले, हा प्रोजेक्ट तुम्ही केलात, मग यात ग्राहकाने अर्धी रक्कम भरली तर काय होते? तिला सांगता येईना, कारण तो प्रोजेक्ट तिचा नव्हताच. समोरची बाई म्हणाली, "हेच प्रमाणपत्र आज आमच्याकडे चौथ्यांदा आले." म्हणजे बारा हजार गेले ते गेलेच, वर तो कागद उलटा अंगावर आला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. फी घेऊन शिकविणे यात गैर काही नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही केंद्र सरकारची संस्था पदव्युत्तर डिप्लोमाचे वर्ग फी घेऊनच चालविते आणि तेथे शिकलेली हजारो मुले आज कामाला आहेत. (या संस्थेने १९९१ साली परम हा महासंगणक उभा केला. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे. हे आपल्या भागातील फार थोड्यांना ठाऊक असते.) पण सी-डॅक आपल्या वर्गाला वर्ग म्हणते. शिकवणीला इंटर्नशिप म्हणून विकणे म्हणजे सुती म्हणून पॉलिस्टर देणे. शागीर्द उस्तादाकडून पैसे घेईल किंवा फुकट राबेल. पैसे देऊन वर काम न मिळणे याला शागिर्दी म्हणत नाहीत.

मापाच्या वहीने दार उघडले

मुलाखत तेथेच संपायची. पण त्या बाईने सहज विचारले, "दुसरे काही केले आहे का, स्वतःचे?" मुलीने भीत भीत सांगितले की वडिलांच्या दुकानासाठी मापाच्या वहीचा एक छोटा प्रोग्राम केला आहे. जुन्या लॅपटॉपवर चालतो, दिसायला चांगला नाही.

मग त्याच्यावरच अर्धा तास बोलणे झाले. मापाची वही प्रत्येक शिंप्याकडे असते: गिऱ्हाईकाचे नाव, उंची, छाती, कंबर, बाही, कपडा द्यायची तारीख, आगाऊ घेतलेले पैसे. मुलीने आधी ती वही नावावरून शोधता येईल अशी केली. आठवड्यात गोंधळ झाला. गावात एकाच नावाची पाच-सहा माणसे, त्यातच एका घरातून बाप, दोन मुले आणि पाहुणा असे चौघे माप देऊन जातात आणि सर्वांचा मोबाईल नंबर एकच. वडिलांनी एका गिऱ्हाईकाचा सदरा दुसऱ्याच्या मापाने कापला आणि कापड भरून द्यावे लागले. मग तिने प्रत्येक मापाला वेगळा क्रमांक दिला आणि तोच क्रमांक कापडाच्या चिठ्ठीवर लिहायची पद्धत घातली. तेव्हापासून घोटाळा झाला नाही.

ती कंपनी दुकानदारांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर करीत होती. वाया गेलेल्या सदऱ्याची ही गोष्ट ऐकून त्यांनी तिला घेतले. मुलीला स्वतःला याचे आश्चर्य वाटले, आम्हाला वाटले नाही. ज्याने स्वतःची चूक शोधून दुरुस्त केली तो शागीर्द कोणता उस्ताद नाकारील?

काम कसे चालते

सॉफ्टवेअर कंपनीत काय चालते याची आपल्या बांधवांना फारशी कल्पना नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला आठवडा तिला काही कामच दिले नाही. आपल्या संगणकावर सर्व साधने बसवायची, आधीचे लिखाण वाचायचे, इतकेच. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचे लिखाण, आणि या कंपनीचे लिखाण अनेक वर्षांचे, अनेक हातांचे होते. त्यात नवीन माणसाने एकदम हात घातला तर शेकडो दुकानांची बिले बंद पडतील. म्हणून मूळ प्रत कोणी हाताळत नाही. प्रत्येकाने तिची आपली वेगळी प्रत काढायची, तिच्यात बदल करायचा आणि तो बदल वरिष्ठापुढे ठेवायचा. त्याने पसंत केला तरच तो मूळ प्रतीत जातो. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद कायम राहते, आणि चूक निघाली तर मागच्या प्रतीवर परत जाता येते. ही नोंद ठेवणाऱ्या साधनाला गिट म्हणतात. ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले आणि आज जवळजवळ सर्वत्र तेच वापरतात.

मुलीने हे वडिलांना फोनवर समजाविले तेव्हा ते म्हणाले, "यात नवं काय? कागदी नमुना भिंतीवर असतो, त्याला कात्री लावत नाही. कापडावर खडूनं उतरवतो, कच्चे टाके घालतो, अंगावर बघतो, मग पक्की शिलाई."

पहिले काम मिळाले ते लहानसे होते. बिलावर रकमेचे स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने पडत होते, ते आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीने पाडायचे. तिने दोन दिवसांत करून दिले. परत आले तेव्हा त्यावर सतरा शेरे होते. नाव असे का ठेवले, उणे रक्कम आली तर काय, शून्य आले तर काय, हीच गोष्ट दोन ठिकाणी का लिहिली. त्या रात्री ती होस्टेलवर रडली आणि तिने घरी फोन केला. अम्मी म्हणाल्या, परत ये. अब्बांनी फोन घेतला आणि विचारले, "शेरे लिहिणाऱ्यानं सगळं वाचलं का?" ती म्हणाली, हो, ओळ न् ओळ. "मग रडतेस कशाला? बारा हजार घेतलेल्यानं तर एक ओळबी वाचली नव्हती."

आमच्या मते या सबंध अनुभवाचे सार या एका प्रश्नात आहे. इंटर्नशिपमध्ये मिळते ते हेच, तुमचे काम जाणता माणूस बारकाईने पाहतो आणि परत करतो. कॉलेजात साठ मुलांच्या वह्या तपासणाऱ्या प्राध्यापकाला हे शक्य नसते. चौथ्या कामावर तिला सहाच शेरे आले, आणि मेअखेर एक काम कोणत्याही शेऱ्याशिवाय पुढे गेले.

रोज सकाळी दहा वाजता सगळी टोळी उभी राहून दोन-दोन मिनिटे बोलते. काल काय केले, आज काय करणार, कोठे अडले आहे. यात तिसरा प्रश्न तिला जड गेला. "अडले आहे" म्हणायची लाज वाटे, आणि इंग्रजीतून म्हणायची दुप्पट लाज. फेब्रुवारीत एका गोष्टीवर ती तीन दिवस एकटीच डोके आपटत राहिली. शेवटी वरिष्ठ बाईने स्वतः येऊन पाहिले आणि दहा मिनिटांत गाठ सोडविली, आणि रागावली ती न आल्याबद्दल नव्हे, न विचारल्याबद्दल. आपल्या मुलांना आपण घरात आणि शाळेत गप्प बसायला शिकवितो, प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट समजतो. त्याची किंमत ती अशा ठिकाणी भरतात. इंग्रजीचे म्हणाल तर त्या टोळीत निम्मे लोक मराठी-हिंदीतच बोलत. लिहिताना मात्र इंग्रजी लागे, आणि ते साधे, छोट्या वाक्यांचे असले तरी चालते हे तिला दोन महिन्यांनी कळले.

एका पैशाचा घोळ

तिच्या हातून झालेले सर्वांत मोलाचे काम आपल्या प्रत्येक दुकानदाराला समजेल असे आहे.

काही दुकानदारांची तक्रार होती की बिलावरचा कर आणि महिनाअखेरच्या अहवालातील कर यांत पैसा-दोन पैशांचा फरक पडतो. रक्कम क्षुल्लक, पण जीएसटीचे विवरणपत्र भरताना आकडे जुळत नाहीत आणि हिशोबनीस हैराण होतो. तिला कारण शोधायला सांगितले. ३३३ रुपयांचे कापड धरा. पाच टक्के कर १६ रुपये ६५ पैसे. पण राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालावर हा कर दोन भागांत लागतो, अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. ३३३ चे अडीच टक्के ८.३२५. अर्धा पैसा तर देता येत नाही, म्हणून प्रत्येक भाग ८.३३ धरला की बेरीज १६ रुपये ६६ पैसे. बिलात एका वाटेने हिशोब केला होता आणि अहवालात दुसऱ्या वाटेने. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वर्षी लिहिलेले.

याखाली आणखी एक खोल कारण निघाले. संगणक आपल्यासारखा दहाच्या पटीत मोजत नाही, दोनच्या पटीत मोजतो. एक रुपया तिघांत वाटला तर तेहेतीस-तेहेतीस पैसे देऊन एक पैसा उरतोच, कितीही बारीक वाटा. तसे संगणकाला दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दशांश, नेमका लिहिता येत नाही. थोडा कमी-अधिक लिहिला जातो. रुपयाच्या अपूर्णांकात दहा पैसे आणि वीस पैसे मिळविले तर तीस पैशांच्या पुढे शून्यांची रांग आणि सतराव्या घरात एक ४ येतो! एका बिलात हे दिसत नाही, हजारो बिलांत कोठेतरी अर्ध्या पैशाचा काटा चुकीच्या बाजूला पडतो. उपाय जुना आहे. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात ठेवायचीच नाही, पूर्ण पैशांत ठेवायची. आठ रुपये तेहेतीस पैसे म्हणजे ८३३ पैसे. पूर्ण आकडा संगणक कधी चुकवीत नाही. आणि दोन्ही भाग आधी ठरवून मग बेरीज करायची, सर्व ठिकाणी एकाच वाटेने.

हे तिने एकटीने शोधले असे नाही. वरिष्ठांनी वाट दाखविली, तिने शोधून काढले, तपासणीची उदाहरणे लिहिली आणि दुरुस्ती केली. पण पैशाच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसणारा बाप जिने पाहिला आहे तिला "एका पैशाने काय होते" असे वाटले नाही. तिच्या बरोबरीच्या दोघांना तसे वाटले होते.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. सॉफ्टवेअरमध्ये उधारीची मुदत तीस दिवसांची होती. तीस दिवस झाले की गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर आठवणीचा संदेश आपोआप जाई. एका बैठकीत तिने धीर करून सांगितले की आमच्या जिल्ह्यात उधारी महिन्याने फिटत नाही, कापसाने फिटते. जूनमध्ये पेरणीच्या वेळी नेलेला कपडा दिवाळीनंतर कापूस विकला की चुकता होतो. ऑगस्टात ज्याला असा संदेश जाईल तो शेतकरी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. पुण्यातील मंडळींनी हे ऐकलेच नव्हते. नंतर मुदत आणि संदेश दोन्ही दुकानदाराच्या हाती ठेवण्यात आले.

यावरून आम्हाला एक गोष्ट बांधवांपुढे ठेवावीशी वाटते. आपली मुले पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे स्वतःला कमी समजतात, कारण वडील दुकानात बसतात किंवा मशीन चालवितात. पण गल्ल्यावर बसून जे कानावर पडते ते कोणत्याही कॉलेजात शिकवीत नाहीत. आज आपल्यातील अनेक दुकानांत टॅली आहे. ते कसे जन्मले? बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्यांना आपल्या धंद्याला सोयीचे हिशोबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेला मुलगा भरत याला ते करायला सांगितले, आणि १९८६ साली कंपनी उभी राहिली. मुलगा लिही आणि व्यापारी बाप चुका काढी. २०२० साली भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. विप्रोचे मूळही १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात आहे. वडिलांच्या निधनानंतर १९६६ मध्ये एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी तो हाती घेतला आणि संगणक पुढे ऐंशीच्या दशकात आले.

पैशाचा हिशोब

बापाचा पहिला प्रश्न पैशाचा होता, तेव्हा आकडेही देतो. तिला महिना बारा हजार स्टायपेंड होता. मुलींच्या होस्टेलमध्ये तिघींच्या खोलीत एका खाटेचे साडेपाच हजार, मेसचे तीन हजार, बस आणि वरखर्च दोन हजार. म्हणजे जेमतेम निभले, घरून पैसे फक्त अनामत रकमेसाठी आणि पहिल्या महिन्यासाठी लागले. सर्वांना इतका स्टायपेंड मिळत नाही, काहींना मुळीच मिळत नाही. तशा वेळी सहा महिन्यांचा खर्च आधी मांडावा आणि तो झेपत असेल तरच होकार द्यावा. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आल्या आहेत. आपल्या भागातील मुलांना तेथे जमले तर प्रवास आणि खर्च दोन्ही कमी.

कायद्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शिकत असताना केलेली इंटर्नशिप ही कॉलेज आणि कंपनी यांच्यातील पत्रावर चालते, तीत विद्यावेतन देण्याची सक्ती नाही. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, ही मात्र १९६१ च्या अधिनियमाखाली येते. तीत नोंदलेला करार असतो आणि विद्यावेतन द्यावेच लागते. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि डिप्लोमा झालेले इंजिनिअरही तीत आले. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पदवी-डिप्लोमा झालेल्यांच्या किमान विद्यावेतनातील निम्मा भार केंद्र सरकार उचलते, आणि पश्चिम भारताचे काम मुंबईच्या मंडळाकडून चालते. आय.टी.आय. झालेल्या आपल्या कारागिरांच्या मुलांनाही हा कायदा लागू आहे हे विसरू नये.

शिवाय २०२४ साली दोन योजना निघाल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आय.टी.आय. व डिप्लोमाला आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार असे सहा महिने ठरविले होते. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा वय २१ ते २४, मुदत एक वर्ष, महिना पाच हजार आणि एकदाच सहा हजार अशी रक्कम होती, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना ती नव्हती. अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या वेळच्या अटी वाचाव्यात. या कोणत्याही योजनेत नोंदणीसाठी पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर तो दलाल समजावा.

कंपनी खरी की खोटी हे ओळखण्यासाठी मुलीने आपल्या धाकट्या भावाला जे प्रश्न दिले आहेत तेच आम्ही येथे देतो. माझे काम रोज किंवा आठवड्याला कोण पाहणार, त्या माणसाचे नाव काय? मी जे लिहीन ते खऱ्या ग्राहकापर्यंत जाणार का, की फक्त सरावाचे? पैसे मागता का? मागच्या वर्षीच्या दोन मुलांशी बोलता येईल का? पत्रावर कंपनीचा पत्ता, तारखा आणि विद्यावेतन लिहून द्याल का? खरी कंपनी या प्रश्नांनी रागावत नाही. मुलगी परगावी जाणार असेल तर वडिलांनी एकदा स्वतः जाऊन कचेरी आणि होस्टेल पाहून यावे. हे वडील यवतमाळहून रात्रीच्या बसने गेले, दुपारपर्यंत दोन्ही पाहिले आणि रात्रीच्या बसने परत आले. दुकान एक दिवस बंद राहिले इतकेच.

सहा महिन्यांनंतर नोकरी मिळाली का, असे सर्वजण विचारतात. त्या कंपनीने दिली नाही. २०२३ मध्ये सॉफ्टवेअर धंद्यात मंदी होती, मोठमोठ्या कंपन्यांनी निवडलेल्या मुलांनाही महिनोन्महिने थांबविले होते. ती चार महिने घरी होती. शेजारपाजारचे लोक म्हणू लागले की पुण्याला जाऊन काय मिळविले. नोव्हेंबरात नागपूरला एका लहान कंपनीत मुलाखत झाली. तेथे प्रमाणपत्र कोणी मागितलेच नाही. पैशाच्या घोळाचे काम कसे केले हे विचारले, आणि या वेळी तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सांगता आले. आता ती तेथेच आहे.

बोरी अरबच्या दुकानात मापाची वही संगणकावर चालू आहे, आणि वडील शेजारी कागदी वहीही ठेवतात, कारण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. गेल्या महिन्यात शेजारचे एक हार्डवेअरवाले आपल्या मुलासाठी आलेले एक पत्र घेऊन त्यांच्याकडे आले. इंटर्नशिप, तीन महिने, फी अठरा हजार. वडिलांनी चष्मा लावून पत्र वाचले आणि एवढेच विचारले, "पोराचं काम बघणार कोण, ते लिहिलंय का यात?" लिहिलेले नव्हते. अठरा हजार वाचले.